पक्क्या घराची ओल

आमच्या मुरबाडकडच्या गावात पावसाळ्याआधी कुडाच्या घरांना पश्चिमेकडून पेंढ्याचा आडोसा बांधतात. पाऊस तिकडूनच तिरपा येतो, भिंत भिजू नये म्हणून ही खटपट. आमचं स्लॅबचं घर झालं त्या वर्षी मी पेंढ्याचं नाव काढलं, तर वडील उखडलेच.

"पक्क्या घराला पेंढा? लोक काय बोलतील रे? आमी काय हसं करून घ्यायचं?"

आयुष्यभराच्या हौसेनं बांधलेलं घर होतं ते. पेंढा राहूनच गेला.

श्रावणात कपाट सरकवलं, तर त्याच्यामागची पश्चिमेची भिंत काळी पडलेली. गाद्यांना कुबट वास, देवघरातल्या पाटावरसुद्धा पांढरी बुरशी. बायको ब्लिचिंग पावडरच्या पाण्यानं भिंत घासायची आणि चार दिवसांत पुन्हा तेच. मग वडिलांनी हट्टानं ऑइलपेंट मारून घेतला. त्याला फुगे आले, पापुद्रे सुटले. मला त्या भिंतीचा इतका राग यायचा की तिच्याकडं पाठ करून जेवायला बसायचो.

भिंतीचं एक वेळ चाललं असतं, पण आमची दुसरीतली पोर तिथंच आजोबांच्या कुशीत झोपायची. तिला धाप लागायला लागली. बोलता बोलता थांबायची, खांदे वर ओढून श्वास घ्यायची. टोकावड्याच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि बजावलं, की भिंत सुकेपर्यंत हिला त्या घरात झोपवू नका.

शेजारी चुलत काकीचं घर अजून कुडाचं. चूल मागच्या पडवीत, भिंतीला पेंढा, आत कोरडं. पोर तिथं झोपायला जायला लागली. हळूहळू धाप कमी झाली. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. आपल्या घरात आपलं मूल आजारी पडतं, हे कुणाला सांगायचं?

एका सकाळी वडील काकीकडून पेंढा मागून घेऊन आले आणि रस्त्याकडच्या त्या भिंतीला स्वतः बांधायला लागले. रस्त्यानं जाणाऱ्या एकानं विचारलंच, "काय काका, घर परत कच्चं केलं काय?" ते सुतळी आवळत राहिले. पण विटांनी प्यायलेलं पाणी असं थोडंच निघतं? भिंत ओलीच राहिली.

गणपतीला आलेल्या एका पाहुणीनं अंगणात खेळणाऱ्या पोरीला सहज विचारलं, "तुझं घर कुठलं गो?"

तिनं काकीच्या घराकडं बोट दाखवलं.

मी तिला दटावणार होतो. ओटीवर बसलेल्या वडिलांनी हात वर करून मला थांबवलं.

"ओरडू नको तिला," ते म्हणाले. "खोटं नाय बोलली ती."