काकांचे तीन तारे

मी रोह्याच्या शाळेत विज्ञान शिकवते. शेजारचे काका आमच्या गावातले शेवटचे ज्यू. मुलं केव्हाच इस्राएलला गेली होती. काकू वारल्या, त्या इथल्याच ज्यूंच्या कब्रस्तानात आहेत. शनिवारी संध्याकाळी आकाशात तीन तारे दिसले की काकांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस, सुटायचा, पण मोतीबिंदूमुळे ते तारे मीच बघून सांगायची.

एकदा तिसरा तारा सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "हे पण म्हातारे होतात काय गो?"

"होतात. वायूच्या ढगातून जन्मतात, आतला हायड्रोजन जाळत जगतात. तो सरत आला की फुगून लाल होतात. फार मोठे असतील ते स्फोट होऊन मरतात. सूर्यासारखे असतील ते वरची आवरणं सोडतात आणि उरलेला गाभा हळूहळू निवत जातो."

"आन् ती आवरणं?"

"अवकाशात पसरतात. त्यातूनच पुढे नवे तारे होतात."

काकांनी कब्रस्तानाच्या दिशेनं मान वळवली. "मी कुठं जानार नाय. ती हितं हाय."

पावसाळ्यात ते अंगणात घसरून पडले आणि मुलगा येऊन त्यांना इस्राएलला घेऊन गेला. काकांनी विरोध केला नाही. गाडीत बसताना फक्त माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

यंदा हिवाळ्यात मुलाचा फोन आला. काका गेले होते, दफनही तिकडेच झालं होतं.

मी कब्रस्तानात गेले. काकूंच्या शेजारची जागा गवताने भरली होती. त्यांच्या थडग्याशी बसून मीच ती बातमी सांगितली. सांगणारं दुसरं कोणी गावात उरलं नव्हतं.