घसरगुंडीचे खवले

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही – आणि आम्हा बहिणींत तर भाजी खारट झाली तरी फोन जातो. वीस वर्षं होत आली. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही.

मी चित्रकलेची बाई. पनवेलच्या एका शाळेत जन्म गेला. तोंड फटकळ, मुलं टरकून असायची, स्टाफरूममध्येही कुणी माझ्या वाटेला जात नसे.

आमच्या कॉलनीच्या मधोमध मुलांचं मैदान आहे. तिथली लोखंडी घसरगुंडी गंजून मोडली, तेव्हा कमिटीच्या मीटिंगमध्ये मीच उभी राहिले. म्हटलं, ते प्लास्टिकचं कसलं आणताय? मी करून देते – सिमेंटचा भलामोठा मासा. डोक्यापाशी पायऱ्या चढायच्या, पाठीवरून घसरायचं, शेपटीशी उतरायचं. पनवेलच्या पोरांना मासा नाही आवडणार, तर काय जिराफ आवडणार? सगळे हसले आणि काम माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मी ते ओढूनच घेतलं.

जाळी बांधून, सिमेंट चढवून मासा उभा केला तो अब्बास मिस्त्रींनी. साठीला आलेले, मोहल्ल्यात राहणारे, कामापुरतं बोलणारे. फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवायचं काम – चायना मोझॅक – त्यांच्यासारखं कुणी करत नसे. कॉलनीतल्या निम्म्या गच्च्या त्यांच्याच हातच्या.

घसरायची पाठ त्यांनी छान गुळगुळीत घोटली. दोन्ही कडांना मात्र मला खवले हवे होते – निळ्या, रुपेरी टाइल्सचे, एकावर एक कलते. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला की मासा हाताला लागत नाही, हे मला विळीवर बसून पाठ झालेलं. खवले तसेच बसवून घेतले. वरून येणाऱ्या मुलाचा हात कडेला लागला तरी काही होणार नाही – केवढी हुशार मी! मुलं घसरगुंडीवर खालूनही चढतात, हे जिच्यासमोर रोज पन्नास मुलं बसतात तिला सुचू नये? नाही सुचलं.

पण मला सांगायचंय ते हे नाही. चुका होतात माणसाच्या. थांबा – सांगते.

मोझॅक बसलं की शेवटी दगड फिरवून तुकड्यांच्या कडा घासतात. रीतच आहे ती. रमजान चालू होता, ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर, आणि मिस्त्री पाण्याच्या थेंबाशिवाय दिवसभर मैदानात उभे. दगड हातात घेऊन त्यांनी विचारलं, घासून घेऊ ना? मी चार पावलं मागे गेले. कडा उन्हात अशा काही चमकत होत्या! म्हटलं, राहू द्या मिस्त्री, घासलं की मजा जाईल. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि दगड पिशवीत ठेवला. मी शिकलेली, मॅडम – त्यांनी माझं ऐकलं.

उद्घाटनाला शाल-श्रीफळ मला मिळालं. मी ते घेतलंही.

पंधरा दिवसांत तन्वी पडली. तिसरीतली, माझ्याच वर्गातली. मुलांची खालून धावत चढायची शर्यत लागली होती. तिचा पाय सटकला, ती पुढे तोंडावर आपटली आणि कडेवरचा उजवा हात तसाच वर घासत गेला – खवल्यांच्या उलट. तळहात आतपर्यंत चिरला. ऑपरेशन झालं, पण शेवटची दोन बोटं मिटेनात. आजही मिटत नाहीत. वर्गात ती ब्रश धरायची तेव्हा मी दुसऱ्या रांगेकडे बघत राहायचे.

मीटिंग बोलावली. मिस्त्रींना कुणी बोलावलं नव्हतं. तन्वीचे वडील आवाजही न चढवता म्हणाले, या कडा घासायच्या असतात ना? मग राहिल्या कशा? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणाले,

"मी मिस्त्रींना घासायला सांगितलं होतं."

घाबरून तोंडातून निघून गेलं, असं म्हणायची सोय आहे. पण तसं नव्हतं हो. बोलायच्या आधी मी समोरचा ग्लास उचलून पाणी प्यायले होते. मला विचार करायला वेळ मिळाला होता.

खवले फोडून काढले, वर साधं सिमेंट फासलं. मिस्त्रींना कॉलनीत पुन्हा काम मिळालं नाही. विषय निघाला की मी वर म्हणायचे, माणूस तसा चांगला हो. किती मोठं मन माझं!

वर्षभराने ते बाजारात दिसले. मी वाट बदलणार, तेवढ्यात तेच समोर आले. वाटलं, आता चारचौघांत माझी काढणार. काढायलाच हवी होती. त्यांनी हात जोडले.

"मॅडम, माफ करा. रोज्यात होतो, डोकं ठिकाणावर नसेल माझं. मला तर तुम्ही नको म्हटल्यासारखंच आठवतं. पण तुम्ही कशाला खोटं बोलाल?"

तन्वीच्या वडिलांचीही घरी जाऊन माफी मागून आले होते. आता रमजानचा महिना थापी हातात धरत नाही, म्हणाले. परत कुणा पोराला लागायला नको.

तेव्हा बोलायचं होतं. तिथल्या तिथे, भाजीवाल्यांच्या देखत. एरवी कुणाला सोडत नाही ती ही जीभ – कुठे गेली होती? मी म्हणाले, "जाऊ द्या मिस्त्री. मनाला लावून घेऊ नका."

मी त्यांना माफ केलं. ऐकताय ना? मी – त्यांना. आणि त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर बरं वाटल्याचं दिसलं.

त्या ईदेला त्यांच्या घरून शिरखुर्म्याचा डबा आला. घरात सगळ्यांनी खाल्ला, मीही दोन वाट्या खाल्ला. मग ते होते तोवर दर ईदेला डबा येत राहिला. आणि रिकामा परत करू नये म्हणून मी दर वेळी तो स्वच्छ धुऊन, साखर भरून पाठवत राहिले.