डाव्या इंजिनाचा काटा

गंगाधर गेल्याचं मला पुण्याच्या माणसाकडून कळलं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जुन्या बुलडोझरांचं, रोलरांचं, क्रेनांचं वेड असलेल्या लोकांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे, 'जुनी धुडं' नावाचा. बहुतेकांचे वडील कधीकाळी धरणांच्या कामांवर होते. हे लोक तिथल्या वसाहतींत वाढले, आता मोठाल्या नोकऱ्या करतात आणि भंगारात पडलेल्या मशिनींचे फोटो एकमेकांना पाठवून हळहळतात. त्या ग्रुपचा म्होरक्या पुण्याचा समीर. त्याने महिन्यापूर्वी एका सकाळी गंगाधरचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'दोन इंजिनांचा डोझर चालवणारे आपले गंगाधरकाका आज नायगावला आपल्याला सोडून गेले.' पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांग लागली. मी लातूरला घराच्या ओट्यावर चहा पीत बसलो होतो. पहिला विचार काय यावा? चाळीस वर्षांचा दोस्त गेला, हा नाही. पहिला विचार आला की मला सोडून या पुणेकराला आधी कुणी कळवलं… आणि 'आपले' म्हणे! लिहायला लाज वाटते, पण गंगाधरबद्दल लिहायचं तर जळण्यापासूनच सुरुवात करावी लागते. मी त्याच्यावर आयुष्यभर जळलो. मनापासून आणि नेमाने.

आमची ओळख नांदेड जिल्ह्यातल्या एका धरणाच्या कामावरची. मी निलंग्याकडचा मन्मथ, आयटीआयचं सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून आलेला. तो नायगावजवळच्या खेड्यातला, मशिनी धुण्यापुसण्याच्या कामाला लागून बघत बघत ऑपरेटर झालेला. एक दिवस ट्रेलरवरून ते धूड आलं. साध्या डोझरला एक इंजिन असतं, याला दोन होती, शेजारी शेजारी. डावं इंजिन डाव्या बाजूची चेन, म्हणजे चाकांवरचा लोखंडी पट्टा, फिरवणार, उजवं उजव्या बाजूची. दोन्ही सारख्या वेगाने फिरली तर मशीन सरळ जाणार, एक जरा मागे पडलं की त्या अंगाला ओढणार. आम्ही तिला 'जोडी' म्हणू लागलो, कारण बैलांचंही असंच असतं. जोडी कुणाच्या हाती द्यायची हे ठरवायला साहेबांनी माळावर फक्कीची लांबलचक रेघ मारली आणि म्हणाले, रेघ दोन चेनींच्या मधोमध ठेवून शेवटपर्यंत जायचं. दोन्ही इंजिनांचे वेग दाखवणारे दोन काटे समोर होते. मी ते काटे बरोबरीला आणून डोळ्यांत तेल घालून चालवलं आणि शेवटाला हातभर सरकलो. गंगाधर बसला तो जवळजवळ डोळे मिटूनच. खाली उतरला तेव्हा रेघ जिथे हवी तिथेच होती. साहेबांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "जोडी गंगाधरकडं." माझ्या पोटात जी आग पडली, ती विझली असं मी आजही म्हणणार नाही.

संध्याकाळी मीच न राहवून त्याला विचारलं, कसं जमवलंस? तो डबा धुता धुता म्हणाला, "तू काट्याकडं काय बघून राहिला? कान दे की. दोन इंजिनं भांडत असली की आवाज हेलकावे खातो, वों… वों… वों… करून. हेलकावा मोडला की दोघांचा आवाज एक हुतो. मग मशीन वाकडी जातच न्हाई." माझा यावर विश्वास बसला नाही. मी शिकलेला माणूस. कानाने मशीन चालवायची तर काटे कशाला बसवलेत? आणि खरं सांगायचं तर माझ्या जळण्यात नुसतं मशीन नव्हतं. तो बौद्ध, मी वाण्याच्या घरचा. 'तुझ्यासारख्याला सोडून त्याला दिली?' असं आमच्या घरी जे बोललं जायचं, ते ऐकून मला गप्प बसता आलं असतं. मी गप्प बसायचो नाही, मान डोलवायचो.

आणि त्याचा तर माझ्यावर लोभ. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खांडेनवमीला, सगळे ऑपरेटर आपापल्या मशिनीला हार घालून नारळ फोडायचे. गंगाधर पूजा करत नसे. आदल्या दिवशी जोडी डिझेलने पुसून लख्ख करायचा, दोन्ही रेडिएटरांच्या जाळ्या ब्रशने घासायचा आणि दुसऱ्या दिवशी मला हाक मारायचा, "मन्मथ, तुझ्या हातानं फोड गड्या. दोन आणलेस ना? एका इंजिनाला राग नको." मग मी डाव्या चेनीवर एक आणि उजव्या चेनीवर एक असे दोन नारळ फोडायचो आणि तो बाजूला उभा राहून खोबरं खायचा. वर्षातला तो एक दिवस मला जोडी माझी वाटायची. दुसऱ्या दिवशी तो वर चढायचा आणि मी माझ्या एका इंजिनाच्या डबड्याकडे परत जायचो.

मला संधी मिळाली ती त्याच्या मेव्हण्याच्या लग्नात. तो दोन दिवस सुट्टीवर गेला आणि साहेब म्हणाले, "मन्मथ, तू बस." भरावाच्या माथ्यावर मातीचा थर सारखा करायचा होता. डाव्या हाताला तयार झालेला उतार होता, माणसांनी आठवडाभर दगड रचून पक्का केलेला. मी काटे बरोबरीला आणले आणि निघालो. जोडी डावीकडे ओढू लागली. मी सावरली, काटे पुन्हा पाहिले, बरोबर होते. परत ओढली. कानात ते वों… वों… चालूच होतं, पण मी म्हटलं, काटे खोटं बोलतील का? दुपारच्या आत ब्लेडचं डावं टोक उतारात घुसलं आणि रचलेला दगड दहा-बारा हात घरंगळत खाली गेला. कुणाला लागलं नाही, एवढंच नशीब. साहेबांनी मला खाली उतरवलं आणि फिटरला बोलावणं धाडलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. फिटरने दुसऱ्या दिवशी तपासलं. डाव्या इंजिनाचा काटा बिघडलेला होता आणि खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवत होता. मी काटे जुळवत होतो आणि डावं इंजिन मागे पडत होतं. पण तोवर कामावर बोभाटा झाला होता की आयटीआयवाल्याने दगड पाडला. महिन्याभरात माझी बदली लातूरकडे रस्त्याच्या कामावर झाली, रोलरवर. जोडीवर मी पुन्हा कधी बसलो नाही.

तेव्हापासून एकच प्रश्न माझ्या मानगुटीवर बसला. काटा बिघडल्याचं गंगाधरला माहीत होतं का? रोज त्या सीटवर बसणाऱ्या माणसाला माहीत नसेल कसं? आणि माहीत असून तो मला न सांगता लग्नाला गेला असेल तर मी कच्चा नव्हतो, मला पाडलं होतं. माहीत नसेल तर मात्र मी कच्चाच. पुढे नोकरी झाली, पोरंबाळं झाली, निवृत्ती झाली, जोडी भंगारात तुकडे होऊन गेली, तरी हे मला ठरवता आलं नाही. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी एका शनिवारी मी लातूरहून नांदेडची गाडी धरायचो आणि पुढे नायगावला जायचो. जेवण झालं की विचारायचो, "खरं सांग लेका, तुला ठाऊक होतं ना?" तो सुपारी कातरत म्हणायचा, "मी काट्याकडं कवा बघतच न्हवतो रे." मी चिडायचो, तो हसायचा, शेवटच्या गाडीने मी परत. बायको विचारायची, "झालं भांडण?" मी म्हणायचो, झालं.

मग हे समीर मंडळी उगवली. त्यांना कुठूनतरी जोडीचा जुना फोटो सापडला आणि शोधत शोधत ती नायगावला पोचली. गंगाधरला खुर्चीत बसवून त्यांनी चित्रण केलं, त्याने तोंडाने दोन्ही इंजिनांचे आवाज काढून दाखवले आणि ते कुठल्या कुठल्या देशांत पाहिलं गेलं. मी शेजारीच बसलो होतो. त्या चित्रणात माझा फक्त गुडघा आहे. समीरने मला विचारलं, "काका, तुम्ही पण तिथे होतात?" मी म्हटलं, "नारळ फोडायला." गंगाधर खदाखदा हसला. मला हसू आलं नाही, आणि त्यानंतर पाच महिने मी नायगावला गेलो नाही. ते पाच महिने आता परत कुठून आणू…

बातमी कळल्यावर चौथ्या दिवशी गेलो. गंगाधरची बायको, शांतावहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाणी दिलं, पोरांची चौकशी केली. मी काही विचारणार नव्हतो, शपथेवर सांगतो. वहिनींनीच काढलं.

"भाऊ, एक सांगते. काटा खोटा हाय हे त्येन्ला ठावं हुतं."

वहिनी पुढे सांगू लागल्या.

"माझ्या भावाच्या लग्नाला निघालो, मी ट्रंक घेऊन दारात उभी. हे म्हणले, थांब, मन्मथला काट्याचं सांगून येतो. चार पावलं गेले अन् परत फिरले. म्हणले, ऱ्हाऊ दे. त्याला शिक्षण बी हाय. त्यानं सरळ चालवली तर साहेब माझ्याकडं जोडी ठेवतील का?" वहिनींनी पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "पुढं लई जाळायचं त्येन्ला. मी म्हणायची, आता म्हातारे झालात दोघं, सांगून टाका की. तर म्हणायचे, सांगितलं की भांडण मिटलं. भांडण मिटलं तर मन्मथ नायगावला कशाला यील?"

मी उठून मोरीवर गेलो आणि तोंडावर पाणी मारत राहिलो. पहिल्यांदा जे वाटलं तो आनंद होता, खोटं कशाला सांगू? मी कच्चा नव्हतो. तो मला घाबरला होता! चाळीस वर्षं मी ज्याच्यावर जळलो, तो एका सकाळी दारातून चार पावलं जाऊन माझ्यावर जळत परत फिरला होता. मग राग आला. मग ध्यानात आलं की हा राग ज्याच्यावर काढायचा तो माणूसच आता उरलेला नाही. आणि मग पुन्हा जळलो, कारण मला जन्मभर पोखरणारी गोष्ट त्याने बायकोजवळ सांगून हलकी केली होती. मला तसं कुणाला सांगता आलं नव्हतं. समीर आता मला ग्रुपवर विचारतो, 'काका, जोडीवर आणखी कुणी बसलं होतं का?' मी अजून उत्तर दिलेलं नाही.

गेल्या शनिवारी सवयीने आंघोळ करून पिशवी घेतली आणि लातूरच्या स्टँडवर जाऊन बसलो. नांदेडची गाडी लागली. माणसं चढली, मी बसूनच राहिलो. कशाला जायचं? प्रश्न सुटला होता. विचारायचं काही राहिलं नव्हतं, भांडायला कुणी नव्हतं. भांडण मिटलं की मन्मथ येणार नाही, असं तो म्हणाला होता, आणि पाहा, मी बाकड्याला चिकटून त्याचं म्हणणं खरं करत होतो. माळावरच्या रेघेपासून प्रत्येक बाबतीत त्याचंच खरं ठरत आलं… कंडक्टरने घंटी मारली तसा मी धावलो आणि दांडा धरून चढलो.

"कुठं जायचं बाबा?"

"नायगावला. तिकीट नांदेडचं द्या," मी म्हणालो. या एका गोष्टीत तरी मला गंगाधरला खोटं पाडायचं होतं.