होडी कुणी बांधली

शहागडला आमच्या घरामागे लिंबाखाली वडलांची शिडाची होडी पालथी पडलेली असायची. वडील मूळचे शेतकरी, पण तिच्यातून लोकांना गोदावरीपार न्यायचे; पूल झाल्यावर होडी कुणाला लागेना. पडून पडून तिचा तळ कुजला. नव्वद सालानंतर वडलांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. दिवसभर बाजेवरून ते होडीकडे बघत राहायचे. एकदा तरी त्यांना शिडाखाली बसवून नदीवर न्यायचं, असं मी मनात घेतलं.

वडीगोद्रीहून म्हातारा सुतार आणला. तो म्हणाला, "तळ नवा टाकतो, पण डोलकाठीची खाच तळासंगं गेली. ती कुठं व्हती ते बांधणाऱ्यालाच इचारा. चार बोटं पुढंमागं झाली की वाऱ्यात कलंडन."

बांधणारा कोण? लहानपणी वडील सांगायचे, पैठणच्या नामी सुताराकडून आणली. मी पैठणच्या घाटावर तीन खेपा घातल्या. लोक चहा पाजत आणि आपल्याच आज्याच्या गोष्टी सांगत. शेवटी एक जुना नावाडी म्हणाला, "बांधनेवाला नाकपर अपना नाम खोदता. नाक देखो."

नाक बघायचं म्हणजे पंचाईत. दर दसऱ्याला माय होडीच्या नाकाला, म्हणजे पुढच्या टोकाला, तेल-शेंदूर लावायची. थर बोटभर जाड झाला होता, आणि शेंदूर फासला की लाकडाचाही देव होतो. मी खुरपं घेऊन गेलो तर माय आडवी आली. "देवाची कातडी सोलतू व्हय? शेंदराची खोळ आपली आपण गळंल!" मारुतीची गळते तशी. मंग काय, दोन वर्षं देव पाण्यात घालून बसलो. तोवर वडील आणखी वाळले. मायचा राग यायचा, पण तिच्यापुढं माझं काही चालत नव्हतं.

एका उन्हाळ्यात खोळ गळली. माय ती नदीत सोडायला गेली आणि मी लाकूड पुसलं. कोरलेली अक्षरं उर्दू निघाली. निजामाच्या काळात वडलांसारखंच उर्दूतून शिकलेल्या शेजारच्या टेलरचाचांना बोलावलं. त्यांनी बोट फिरवत दोनदा वाचलं.

"ये तो तुम्हारे वालिद का नाम है."

होडी वडलांनीच बांधलेली, हे मायलाही ठाऊक नव्हतं. ती लग्न होऊन आली तेव्हा होडी होतीच. चाचा म्हणाले, "किसान के हाथ की नाव में कौन बैठता, बेटा? इसलिए पैठण का नाम लिये होंगे."

मला स्वतःची लाज वाटली. त्यांनी बांधली हे सोडा, ज्या माणसानं जन्मभर ती चालवली त्याला डोलकाठीची जागा विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वाचा गेली म्हणजे सगळंच गेलं, असं आम्ही धरून बसलो होतो. खरं तर पहिल्या वर्षी ते मानेनं हो-नाही बरोबर सांगायचे.

होडी सुलटी केली, बाज तिच्याजवळ नेली. मी काठी मध्यभागी टेकवली. "दादा, इथं व्हती का?"

त्यांनी मान हलवली. हो.

चार बोटं पुढं सरकवली. "का इथं?"

हो.

खात्री करायला पार मागच्या टोकाला टेकवली. हो. माझा धीर सुटला. "दादा, नीट सांगा ना!" मी ओरडलो.

त्यावरही त्यांनी मान हलवली.