दौलतसिंगच्या खिडकीसमोर

गोमतीबाईचा राग आमच्या घरातल्या सगळ्यांनी पाहिला होता. कारंज्यातल्या आमच्या दुकानामागच्या रिकाम्या गोदामात तिनं नवऱ्यांनी टाकलेल्या बायांसाठी घर चालवलं होतं. गोदाम माझ्या वडिलांनी, फूलचंदांनी, दिलं होतं. गोमतीबाईलाही नवऱ्यानं टाकलेलं. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडायच्या कामावर गेली आणि तिथं तिला तिच्यासारख्याच बाया भेटल्या. संध्याकाळी कुठं जायचं हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना ती सोबत घेऊन आली.

त्यातली एक मेडशीची रुख्मिणी. एका पायानं अधू, वयानं लहान, आणि गाणं म्हटल्याशिवाय तिला भाकर थापता येत नसे. गोमतीबाई तिला लेकीसारखी वागवायची.

अशा बायांना आसरा द्यायचा तर सरकारचा परवाना लागतो, हे आम्हाला कळलं ते दौलतसिंग दारात उभा राहिला तेव्हा. तो परवाने देणाऱ्या जिल्ह्याच्या समितीवर होता, गावात समाजसेवक म्हणून त्याचे हारतुरे व्हायचे, आणि त्याचा स्वतःचा महिला आश्रमही होता. गोमतीबाईनं अर्ज केला. तिला बोलावून दौलतसिंगनं चार लोकांसमोर विचारलं, "मॅट्रिक झाली का तू?"

"नाई जी."

"नवरा?"

"त्यानं सोडलं."

"मंग? जिले सोताचं घर सांभाळता आलं नाई, ते लोकायच्या बाया सांभाळीन?"

सगळे हसले. परवाना नाकारला. आठवडाभरात पोलीस आले आणि बायांना दौलतसिंगच्या आश्रमात नेलं. रुख्मिणी गोमतीबाईच्या पदराला धरून होती. शिपायानं तिचा हात सोडवला.

त्या हिवाळ्यात रुख्मिणी वारली. किन्हीराजा गावाला दौलतसिंगचं शेत होतं. आश्रमातल्या बाया तिथं कापूस वेचायला न्यायचे. रुख्मिणीला ताप होता, तरी तिला नेलं, आणि ती तिथं धुऱ्यावरच, शेताच्या बांधावर, गेली. गोमतीबाई आश्रमाच्या फाटकाशी पोचली तर तिला आत घेतलं नाही. "तू कोन लागते तिची?" असं दौलतसिंगनं विचारलं. तिला मढ्याचं तोंडही पाहू दिलं नाही.

त्या दिवसापासून तिनं आमच्याकडे एकच विषय लावून धरला. "भाऊ, मले मॅट्रिक व्हायचं हाय."

वडील म्हणाले, "आता या वयात कायले?"

"ज्या खुर्चीवर बसून तो हसला, त्या खुर्चीवर मले बसाचं हाय."

शिकून सेवा करावी असलं काही तिच्या मनात नव्हतं. ती आमच्या घरी धुणीभांडी करायची आणि दुपारी माझ्या शेजारी बसून गणितं सोडवायची. पहिल्यांदा नापास झाली तेव्हा पाटी भिंतीवर आपटून फोडली. मग पास झाली. अमरावतीला समाजसेविकेचं प्रशिक्षण घेतलं आणि एका सरकारी केंद्रात लागली. आणीबाणी आली, गेली. अठ्ठ्याहत्तर साली नवे अधिकारी आले. समितीवर नवऱ्यानं टाकल्याचं सोसलेली एक तरी बाई हवी असं त्यांचं म्हणणं पडलं, आणि गोमतीबाईचं नाव लागलं.

पहिल्याच बैठकीत तिनं दौलतसिंगच्या आश्रमाची तपासणी मागितली.

आश्रमात सगळं चकचकीत होतं. बायांना नवी लुगडी नेसवली होती. गोमतीबाईनं एकेकीला बाजूला घेऊन विचारलं. कोणी तोंड उघडलं नाही. अधिकारी निघायच्या तयारीत होते. तेवढ्यात तिनं विचारलं, "सायेब, बिछाने एवढे हायेत, बाकीच्या बाया कुठी हायेत?"

दौलतसिंग म्हणाला, "देवदर्शनाले गेल्या."

"चला मंग. देव मले ठाऊक हाय."

तिनं जीप किन्हीराजाकडे घ्यायला लावली. वेचणीचे दिवस होते. पांढऱ्या शेतात त्या बाया वाकलेल्या होत्या, मुकादम धुऱ्यावर उभा होता. साहेबांना सांगायला काही उरलं नाही. पाठोपाठ दौलतसिंग मोटारसायकलवर धुरळा उडवत आला. गोमतीबाईला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुमच्या घराचा परवाना मी उद्याच काढून देतो. हे इथंच मिटवा."

ती मोठ्यानं बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "रुख्मिणी कोन्त्या धुऱ्यावर पडली, ते दाखव पयले."

तो साहेबांकडे बघायला लागला.

"दाखव ना! मले तिचं तोंड पाहू देल्लं नाई. जागा तं पाहू दे."

एका म्हाताऱ्या बाईनं हातातला कापूस खाली ठेवून बोट दाखवलं. गोमतीबाई तिकडं गेली नाही. ती दौलतसिंगकडेच बघत उभी राहिली, तो मान खाली घालेपर्यंत.

आश्रमाचा परवाना रद्द झाला, समितीतून त्याला काढलं. तुरुंगात मात्र गेला नाही. साक्षीला कोणी टिकलं नाही. हे गोमतीबाईला फार लागलं. पुढच्या बैठकीत तिनं भांडून मॅट्रिकची अट काढायला लावली आणि प्रत्येक घराच्या कारभारात तिथं राहणाऱ्या दोन बाया असल्याच पाहिजेत असा नियम करून घेतला. साहेबांनी कौतुक केलं. तिनं आम्हाला खरं कारण सांगितलं, "दौलतसिंगासारख्याले पुन्ना वाट भेटू नये म्हनून."

तिच्या घरालाही परवाना मिळाला. वडिलांनी जुनं गोदाम देऊ केलं, पण ती नको म्हणाली. दौलतसिंगच्या माडीसमोरचं घर रिकामं होतं, तेच तिनं भाड्यानं घेतलं.

"काहून तिथंच?" वडिलांनी विचारलं.

"त्याले सकाळी उठल्याबरोबर आमी दिसलो पायजे."

ओसरीवर बाया गाणी म्हणत भाकरी थापायच्या, लुगडी वाळत घालायच्या, भांडायच्या, हसायच्या. त्यानं पहिल्या महिन्यातच समोरची खिडकी लावून घेतली. उन्हाळ्यातसुद्धा ती उघडली नाही. भर दुपारी त्याच्या खोलीत दिवा लागायचा.

एकदा मी गोमतीबाईला विचारलं, "आता तरी समाधान झालं का?"

ती कांदा चिरत होती. "नाई," म्हणाली, आणि ओसरीवरच्या बायांना ओरडून सांगितलं, "गानं जोरानं म्हना व, आवाज पलीकडं जात नाई."