दारातली झडती

आमच्या अंगणवाडीत शिरणाऱ्या प्रत्येक लेकराची झडती व्हायची. मी तिथली सेविका, पण दारावर सत्ता मदतनीस मावशींची. एका हातानं हनुवटी धरायची, दुसऱ्यानं खिसा उलटा करायचा आणि "आ कर" म्हणून तोंडात डोकवायचं. सरपंचांच्या नातवालाही सूट नव्हती. "देव आला तरी त्येचा खिसा बघीन," म्हणायच्या. बघितलाही असता!

खिशातून काय काय निघायचं! ब्लेडचा तुकडा, घड्याळाचा सेल, आणि एकदा काडेपेटीत चक्क जिवंत विंचवाचं पिल्लू. मी खुर्चीवर चढले. मावशींनी काडेपेटी चपलेखाली चिरडली आणि पुढच्या पोराला म्हणाल्या, "ये, तू काय आणलंस?"

शेंगदाणे-फुटाणे तर त्यांचे हाडवैरी, कारण लहान पोरांच्या घशात अडकतात. एका आजोबांनी कौतुकानं आणलेली पुडी त्यांनी दारातूनच परत केली. आजोबा फणकारले, "आमी न्हाय का हेच खाऊन वाढलो?"

"तुमी वाढलात. जी न्हाय वाढली, ती सांगाय येत्यात व्हय?" आजोबांनी पुडी खिशात घातली आणि घरची वाट धरली.

पेरणीच्या दिवसांत मावशींचा पारा आणखी चढायचा. सोयाबीनच्या बियाला कीडनाशक चोळलं की ते गुलाबी होतं, लहान पोराला गोड गोळीच वाटावी असं. बाया ते पदराच्या ओटीत घेऊन टोकायला, म्हणजे एकेक दाणा हातानं मातीत पेरायला, जातात. त्यातले चार दाणे पोरांच्या खिशात गेले, की विष थेट आमच्या दारात.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तीन वर्षांची राधा खिचडीच्या ताटापुढं बसल्या बसल्या ओकली. मी धावले. तिचे ओठ गुलाबी होते आणि मुठीत दोन दाणे होते.

मावशी कडाडल्या, "कुणाच्या घरची टोकण हाय आज? कुणी आणलं आत?" पोरं रडायला लागली. मावशींनी भराभरा सगळ्यांचे खिसे पुन्हा उलटे केले. काहीच नव्हतं. तेवढ्यात त्यांचा हात स्वतःच्या कमरेकडं गेला. पहाटे त्या स्वतःच्या रानात टोकण करून तशाच आल्या होत्या. ओटीची गाठ सुटली होती. सतरंजीवर, त्या जिथं बसल्या होत्या तिथं, आणखी दाणे सांडले होते. तो चेहरा मी जन्मात विसरणार नाही. मी राधाला उचललं, मावशी मागोमाग धावल्या.

जीप करून लोहाऱ्याला दवाखाना गाठला. राधाची आई रानातून तशीच धावत आली होती. डॉक्टरांनी विचारलं, बियाला औषध कुठलं चोळलं होतं? ती बिचारी कपाळ बडवत म्हणाली, "आमच्याच घरचं असंल. आमचीबी टोकण व्हती." आणि तिनं घरच्या औषधाचं नाव सांगितलं.

मावशी गप्प बसल्या असत्या तर माझ्याशिवाय कुणाला कळलंही नसतं. पण त्या पुढं झाल्या. "न्हाय डॉक्टरसाहेब. बी माझ्या वटीतलं हाय. औषध दुसरं हाय." त्यांनी नाव सांगितलं. राधाची आई त्यांच्याकडं बघतच राहिली. मग तिनं पोरीला छातीशी घेतलं आणि मावशींकडं पाठ फिरवली.

राधा वाचली. मला वाटलं, आता मावशी येणार नाहीत. त्या आल्या, दारात उभ्या राहिल्या आणि पोरीला सोडायला आलेल्या राधाच्या आईपुढं त्यांनी दोन्ही हात वर केले. "आधी मला तपास. मग म्या लेकरं बघंन."

त्या माउलीनं खरंच तपासलं. रोज. ओटी, कमरेची कनवट, पदराचं टोक, सगळं. तोंडातून एक अक्षर नाही. मला ते बघवत नसे. एवढ्या वयाच्या बाईनं पोरांसमोर असं उभं राहायचं! मी एकदा म्हणाले, "मावशी, पुरे झालं आता." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी सरळ हजेरी घ्यायला वळले.

या उन्हाळ्यात मावशींचं निवृत्तीचं वय भरलं. शेवटच्या दिवशीही त्या हात वर करून उभ्या राहिल्या. राधाच्या आईचे डोळे भरले. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदाच त्यांच्याशी बोलली, "ऱ्हाऊ द्या आता, मावशी. झालं गेलं."

मावशींनी हात खाली घेतले नाहीत. "आज मला सोडलंस, तर उद्या येणाऱ्या बाईलाबी सोडशील. बघ नीट."

डोळे पुसून तिनं त्यांच्या ओटीची गाठ सोडली.