चावी न फिरवता

विश्राम तळेकरला भाषणाला उभं करू नये, हे आमच्या विठ्ठलवाडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरी दरवेळी कुणीतरी त्याला उभं करतंच, आणि मग निस्तरायला सगळी गल्ली लागते.

माझं ब्लाउज शिवायचं दुकान टेम्पो स्टँडला अगदी लागून आहे. शिवता शिवता स्टँडवरचं सगळं बोलणं कानावर पडतं. नाही पडलं तर मी मशीन थांबवून ऐकते, खोटं कशाला बोलू? विश्राम मूळचा संगमेश्वरकडचा, माझ्यापेक्षा थोडा धाकटा. टेम्पो जुनाट, पण रोज सकाळी फडकं मारून लख्ख पुसलेला. स्वतःची दाढी मात्र चार दिवसांची. माणूस मनाचा स्वच्छ आणि कामाला चोख. कुणाचं कपाट त्याच्या टेम्पोतून गेलं आणि ओरखडा आला, असं कधी झालं नाही. फक्त तोंड सुरू झालं की त्याला ब्रेक नसतो.

आणि गेलं वर्षभर ते तोंड एकाच विषयावर सुरू आहे. डिझेल.

"तिकडे आखातात दोन देश भांडले की भडका माझ्या टाकीत," विश्राम सुरुवात करणार. "मी कुणाशी भांडलेलो का?"

मग मितेश. हा स्टँडवरचा दुसरा बोलका. तिशीतला आहे, मोबाइलवर बातम्या वाचतो, त्यामुळे त्याच्याकडे कारणं ताजी असतात. "भाऊ, रुपया घसरतोय. तेल डॉलरमध्ये घ्यावं लागतं ना."

"मग मधे कच्चं तेल स्वस्त झालेलं, तेव्हा पंपावर उतरलं का? कर रे, कर! दिल्लीचा वेगळा, मुंबईचा वेगळा. दोघांच्या मधे माझी टाकी!"

"आणि घोडबंदरला तासन्‌तास उभ्या गाडीत जळतं ते?" मी दुकानातून विचारणार.

"त्याचं तर नावच नका काढू, ताई," असं म्हणून विश्राम नेमकं तेच नाव काढणार आणि खड्ड्यांपर्यंत पोचणार. भाडं वाढवावं तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे पळतं, न वाढवावं तर घरात काय न्यायचं, हे त्याचं शेवटचं वाक्य. ते खरंच असतं, म्हणून तिथं कुणी हसत नाही.

त्यानं उपायही करून पाहिले. डिझेल पहाटे भरायचं, कारण थंड असताना ते जास्त बसतं, अशी त्याची पक्की समजूत आहे. "दूध आहे का ते, साय धरायला?" मी म्हटलं. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. माझे ते चार दिवस फार शांततेत गेले.

तर यंदा उन्हाळ्यात ठरलं की कल्याण पूर्वेतल्या सगळ्या टेम्पो स्टँडनी मिळून एक दिवस बंद पाळायचा. दिवस विश्राममहाराजांनीच सुचवला. अक्षय्य तृतीया. त्या दिवशी लोक मुहूर्तावर फ्रिज घेतात, कपाटं घेतात, टेम्पो नसले की जाणवेल. हिशेब अगदी बरोबर होता. अडचण एवढीच, की त्याच दिवशी त्याच्या लेकीच्या, रसिकाच्या, मसाला कांडपाच्या दुकानाचा मुहूर्त होता.

रसिका गुणी पोर. ठाण्याला कोपरीत एका ऑफिसात नोकरीला होती. ती सोडून तिनं स्वतःचं काहीतरी करायचं ठरवलं. माझ्या पलीकडचा गाळा घेतला, मिस्त्रीकडून मशीनखालचा कट्टा बांधून घेतला, आणि अख्ख्या वस्तीतल्या बायकांना सांगून ठेवलं, की अक्षय्य तृतीयेला मिरची-मसाला भाजून आणा, पहिलं कांडप त्याच दिवशी. आता भाजलेला मसाला त्याच दिवशी कुटला गेला पाहिजे. रात्रभर राहिला की मऊ पडतो, मग नीट कुटला जात नाही आणि वर्षभराचा मसाला हातचा जातो. एखादीचा पहिल्याच दिवशी असा घात केला, तर ती परत रसिकाच्या दारात उभी राहील का?

विश्रामनं याचाही विचार केला होता, अगदीच वेंधळा नाही तो. बंदच्या आदल्या संध्याकाळी त्यानं कोळसेवाडीच्या व्यापाऱ्याकडून कांडपाची मशीन उचलली, टेम्पोत दोरखंडानं आवळून बांधली. सरळ घरी यायचं की नाही? पण वाटेत कोळसेवाडीच्या स्टँडवर बंदची शेवटची सभा चालू होती. त्याला बघून कुणीतरी ओरडलं, "विश्रामभाऊ, दोन शब्द!"

दोन शब्दांत त्याचं 'बंधूंनो' सुद्धा होत नाही. तो डिझेलवर बोलला, करावर बोलला, आणि मग मागच्या वर्षीच्या बंदवर आला. तो फसला होता, कारण जो तो 'माझं एवढंच एक भाडं' म्हणत मागच्या रस्त्यानं गाडी काढत होता. "या वेळी तसं होता कामा नये!" विश्राम गरजला. "सगळ्यांनी आपापल्या चाव्या दत्ताच्या पायाशी ठेवायच्या. पेटीत घालून कुलूप. उद्याची रात्रीची आरती होईपर्यंत एकाही गाडीचं इंजिन सुरू होणार नाही. आणि सगळ्यात पहिली चावी माझी!"

खण्णकन आवाज करत चावी पेटीत पडली. टाळ्या झाल्या. मागोमाग सगळ्यांनी टाकल्या, पेटी देवळीत गेली, कुलूप लागलं. मग विश्राम वळला आणि त्याला आपला टेम्पो दिसला. वर मशीन.

टेम्पो मशीनसकट तिथंच सोडून तो चालत घरी आला. रात्री घरात काय झालं ते मी पाहिलं नाही, पण आमच्या भिंती पातळ आहेत. "तुम्हाला स्टँड सख्खा, मी सावत्र," एवढं रसिकाचं वाक्य मला स्पष्ट ऐकू आलं. पुढचं रडण्यात गेलं.

सकाळी आमच्या स्टँडवर सगळे टेम्पो ओळीनं गप्प उभे. ड्रायव्हर मंडळी निवांत चहा पीत होती. कोळसेवाडीचेही आले होते. रसिका तरातरा चालत आली आणि तिनं बापासमोर हात उघडला. हातात टेम्पोची दुसरी चावी होती, घरी कपाटात ठेवलेली.

"अर्ध्या तासात येते मशीन, बाबा. कुणाला कळणार पण नाही."

अहो, सगळा स्टँड तिथं बसला होता! कळणार नाही कसं? पण पोरीचा जीव टांगणीला लागला होता. घराघरांतून भाजलेल्या मिरचीचा ठसका येत होता. माझा स्वतःचा मसाला पहाटे भाजून डब्यात भरलेला होता, त्यामुळे मी पूर्णपणे रसिकाच्या बाजूची होते.

"घे की रे चावी," मी म्हटलं. "एका गाडीनं काय तुझा बंद बुडतोय?"

मितेशही म्हणाला, "भाऊ, तुमची एक गाडी सोडू आपण. पोरीचं काम आहे. कोण काय बोलणार नाही."

विश्रामचा चेहरा एवढा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. "तुम्ही नाही बोलणार रे," तो एकेका ड्रायव्हरकडे बोट दाखवत म्हणाला. "पण ह्याच्या भाचीचं लग्न आहे, त्याच्याकडे फ्रिज पोचवायचाय. त्यांना मी काल तोंडावर नाही बोललेलो. आज माझी गाडी काढू? नाही जमणार. रसिका, नाही जमणार गं." आणि तो खाली मान घालून बसला. रसिकानं चावी मुठीत धरली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मला विश्रामचा राग आला होता, तरी त्याच्याकडे बघवत नव्हतं.

कोळसेवाडीत जाऊन मशीन बघून आलेले दोन हातगाडीवाले, एवढं वजन झेपायचं नाही म्हणत, आधीच हात जोडून गेले होते. आता काय, असं सगळेच एकमेकांकडे बघत असताना मितेश एकदम उठला.

"भाऊ, तुम्ही काय बोललेलात? इंजिन सुरू करायचं नाही. बरोबर?"

"बरोबर."

"चाकं फिरवायची नाहीत, असं तर नाही ना बोललेलात? चला रे!"

सगळे कोळसेवाडीला पोचले. टेम्पोच्या स्टेअरिंगचा लॉक कधीचाच मोडलेला, दाराचाही. विश्राम स्टेअरिंगवर बसला, पाय ब्रेकवर, आणि कोळसेवाडीहून ती वरात निघाली. मागून पंधरा-वीस ड्रायव्हर ढकलतायत, समोर मितेश 'बाजू, बाजू' करत हात हलवतोय. तसं अंतर फार नाही, पण तो रस्ता ढकलत यायचा आहे असं यापूर्वी कुणाच्या मनात आलं नसेल. चौकात ट्रॅफिक हवालदारानं अडवलं.

"काय, गाडी बिघडली?"

"नाही साहेब, गाडी ठणठणीत आहे," मितेश म्हणाला. "डिझेल महाग आहे."

हवालदाराला हसू आवरेना. त्यानं शिट्टी मारून दोन्ही बाजूच्या रिक्षा थांबवल्या आणि आमच्या टेम्पोला वाट करून दिली. आमच्या म्हणतेय, कारण तोवर मीही दुकान बंद करून तिथं पोचले होते. विठ्ठलवाडीच्या अलीकडे थोडा चढ लागतो. तिथं टेम्पो अडला. माणसं घामानं निथळली, पाय घसरायला लागले. विश्राम खिडकीतून डोकं काढून सूचना देऊ लागला, तेव्हा सगळे एका सुरात ओरडले, "तुम्ही बोलू नका!" मग रसिकाच्या दारात थांबलेल्या बायका मसाल्याचे डबे खाली ठेवून आल्या. मीही हात लावला. आणि रसिकानं ओढणी कमरेला बांधली आणि बापाच्या खिडकीशेजारी येऊन दाराला खांदा लावला. चढ संपेपर्यंत तिनं तो काढला नाही.

दुपार कलायच्या आत मशीन कट्ट्यावर बसली. मिस्त्रीनं बोल्ट आवळले, वायरमननं वायरी जोडल्या. दारात डब्यांची रांग, ड्रायव्हर रस्त्यावरच बसून सरबत पितायत. बटण दाबायला रसिकानं बापाला पुढं बोलावलं. तो आपला फडक्यानं हात पुसत मागे मागे.

"बाबा," ती म्हणाली, "सकाळी चावी घेतली असतीत ना, तर मशीन कधीच आली असती."

"हो गं. चुकलंच माझं."

"चुकलं ते काल संध्याकाळी, भाषण केलंत ते. सकाळचं नाही." "आज ह्या सगळ्यांसमोर बटण दाबताना मला कुणाची लाज वाटत नाहीये. चला, दाबा आता."

विश्रामनं तोंड उघडलं. आता भाषण होणार म्हणून आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला. पण शब्दच फुटेना. त्यानं बटण दाबलं, मशीन धडधडायला लागली, आणि तो फडक्यानं डोळे पुसू लागला.

"मिरची लय तिखट आहे, ताई," तो मला म्हणाला.

मशीनमध्ये अजून एकही मिरची पडली नव्हती.